कोरा राहिलेला कान

“क्लिप द्या सिस्टर. हीच सिस्टिक डक्ट. शंभर टक्के.”

ऑपरेशन करणारे सर्जन जाधव सर हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या शेजारी प्रोब घेऊन उभी होते. मी रेडिओलॉजिस्ट. माझं काम खरं तर सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छोट्या छिद्रातून पोटात जाणारा हा सोनोग्राफीचा प्रोब हॉस्पिटलला मीच हट्टानं घ्यायला लावला होता. सर त्याला ‘मॅडमचं खेळणं’ म्हणायचे.

टेबलावर कांताबाई होत्या. पिशोरच्या, आद्रक धुवायच्या कामाला जाणाऱ्या. पित्ताशयात खडे, आणि सारखी सूज येऊन आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं. पित्ताशयाची छोटी नळी म्हणजे सिस्टिक डक्ट. ती क्लिप लावून कापायची. तिला लागूनच यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका असते. चुकून ती कापली तर कावीळ, पुन्हा मोठं ऑपरेशन, कधी जिवावरच बेततं.

“सर, दोन मिनिटं बघू द्या.”

“मॅडम, वीस वर्षं हेच करतोय मी.”

“म्हणून तर दोनच मिनिटं मागतेय.”

सर हसले नाहीत, पण सरकले.

प्रोब आत गेला आणि स्क्रीनवर नुसता पांढुरका धूर. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, आणि सोनोग्राफीचं गॅसशी हाडवैर. बाहेरून तपासताना आम्ही जेल लावतो. आत त्याच्याऐवजी सलाईन सोडावं लागतं. घाईत मी तेच विसरले होते.

“दिसतंय का काही?” सरांच्या आवाजात चक्क समाधान होतं. मला राग आला, सरांपेक्षा स्वतःचाच जास्त.

“सिस्टर, सलाईन सोडा आत.”

पाणी साचलं, प्रोब त्यात टेकला आणि चित्र उघडलं. एक मोठा गोल, त्यावर दोन छोटे. आम्ही त्याला मिकी माऊस म्हणतो. मोठा गोल यकृताची मोठी शीर. रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर लावलं, तसा मोठ्या गोलासोबत एका कानातही रंग भरला. ती रक्तवाहिनी. दुसरा कान कोराच राहिला. ती मुख्य पित्तनलिका.

“सर, तुम्ही धरलेली नळी जरा हलवा.”

सरांनी चिमटा हलवला. कोरा कान हलला.

मग सर हळूच म्हणाले, “सिस्टर, क्लिप परत घ्या. मॅडम, आता खरी शोधू.”

खरी नळी आखूड होती, एका खड्यामागं दडलेली. ती मोकळी करायला पाऊण तास गेला. क्लिप लागली, पित्ताशय बाहेर आलं, मुख्य नलिका शाबूत.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर कांताबाई बसून चहा पीत होत्या. सर सरळ म्हणाले, “कांताबाई, काल मी चुकीची नळी बंद करणार होतो. या मॅडमनी थांबवलं.” त्या क्षणी सरांबद्दल मला फार आदर वाटला.

कांताबाईंनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. “मंग त्यांना आधीच इचारत जा की साहेब. मी तर झोपलेली व्हते.”

आता अवघड केस असली की सर मला आधीच फोन करतात. शंका आली की कुणीही थांबतं. मशीन खरी लागते ती शंभर टक्के खात्री वाटते तेव्हा.