मटर सोलताना मोजलेली नाडी

बारावीच्या पोट्ट्यांना मी दरवर्षी ठणकावून सांगते, प्रेम काळजात नसतं, डोक्यात असतं. काळीज बिचारं रक्त ढकलतं, बाकी सगळा डोपामिनचा उद्योग. एवढं बायॉलॉजी शिकवूनही गेल्या हिवाळ्यात मीच तोंडघशी पडले.

आईनं आणलेलं स्थळ रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात केमिस्ट होतं. पहिल्याच भेटीत त्यानं मला मोटारसायकलवर भनपुरीकडे नेलं. दोन्ही बाजूंनी ट्रक! ब्राह्मणपाऱ्यात घरी परतले तरी छाती धडधडतच होती. नाडी मोजली, एकशे दहा. आई खूश.

"आता तरी हो म्हण ना बाई!"

मी कसली म्हणते! शरीर घाबरतं ट्रकला आणि डोकं श्रेय देतं समोरच्या माणसाला, हे तर मीच वर्गात शिकवते. चौतिसाव्या वर्षी काय ट्रकच्या भरवशावर लग्न करू? आईनं रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. म्हणून रविवारी दुपारी मी त्याला आमच्या गच्चीवर बोलावलं. हिवाळ्यात आम्ही वर्षभराचा मटर सोलून फ्रीझरमध्ये भरतो. दहा किलोंचा ढीग पडला होता. याहून बिनधोक आणि कंटाळवाणं काम अख्ख्या रायपुरात नाही.

"मले काय करायचं आहे?" त्यानं विचारलं.

"शेंगा सोला. मी माझी नाडी पाहते."

"हव," म्हणाला आणि मांडी घालून बसला.

अर्ध्या तासानं बहात्तर. तासाभरानं बहात्तर. त्याच्या भट्ट्या, माझ्या पोट्ट्यांचे बहाणे, गप्पा काही संपेनात. पण नाडी ढिम्म. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू? तो मला मनापासून हवा होता आणि शरीर साक्षच देत नव्हतं. शेवटी सांगून टाकलं, "ट्रक नसले की मला काहीच होत नाही हो. मी नाही म्हणते."

त्यानं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "बरं. येतो मग," म्हणाला आणि खाली गेला.

मी एकटी बसून राहिले. सवयीनं बोटं मनगटावर गेली. अठ्ठ्याण्णव!

अगं मूर्ख बाई! तो नसतानाची नोंद तू घेतलीच नाहीस. प्रयोगात तुलनेची नोंद नाही म्हणून पोट्ट्यांचे मार्क मी कापते. आजवर कोणी पाहायला आलं की माझे हातपाय गार पडायचे. आणि याच्यासमोर दोन तास इतकी निवांत होते, की ते निवांतपण माझ्या ध्यानातही आलं नाही.

लगेच फोन लावला. "माझा प्रयोग चुकला. कुठवर पोचले तुम्ही?"

"कुठंच नाही. खाली गेटपाशीच उभा आहो."

"काहून?"

"हात थरथरून राहिले. गाडीची चाबी लागूनच नाही राहिली."

दुपारभर मी माझंच मनगट धरून बसले होते, त्याचं एकदाही नाही. चपला न घालताच मी जिना उतरले.