चार वाजताची भुतं

भुतांची पार्टी दुपारी चार वाजता ठेवावी लागते, हे मला जयपूरला येऊन कळलं. मुलीने वर्गातल्या आठ जणींना बोलावलं होतं. त्यातल्या तिघी जैन, सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. त्यामुळे आदर्श नगरातल्या आमच्या पहिल्या मजल्यावर भुतं लख्ख उन्हात येणार होती. पडदे ओढून अंधार करू, असं मी सुचवलं. "मतलब, पंखा पण बंद करणार का? पडदे उडतात," कन्यारत्नाने विचारलं. पंखा बंद केला असता तर आम्हीच भुतं झालो असतो.

तसं भुतांचं आपल्याला नवल नाही. मेलेल्यांसाठी आपल्याकडे अख्खा पंधरवडा राखून ठेवलेला आहे. ते बिचारे खीर-वड्यांवर समाधान मानतात, कावळ्याने घास उचलला की निघून जातात, जेली मागत नाहीत. पण सहावीतल्या मुलींचं पितरांवर भागत नाही. मुलीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ताटात मनगटापासून तोडलेला लालभडक, आरपार दिसणारा जेलीचा हात, आणि भोवती डुलणारी पांढरी भुतं. "मला हेच पाहिजे," ती म्हणाली.

एरवी मी तिला वाटेला लावलं असतं. दिवाळी तोंडावर, चकलीची भाजणी अजून भाजायची होती. पण सहा महिन्यांत आमच्या दाराची बेल वाजवली ती फक्त दूधवाल्याने आणि कुरियरवाल्याने. नवऱ्याची विमा कंपनीतली बदलीची नोकरी, म्हणून तिची ही तिसरी शाळा. "डबा कोणाबरोबर खाल्लास?" असं विचारलं की ती "सबके साथ" म्हणायची. सगळ्यांबरोबर जेवणारं माणूस एकटंच जेवत असतं, एवढं मलाही कळतं. त्यात आठच्या आठ जणी यायला तयार झाल्या म्हटल्यावर मी खरा हातसुद्धा शोधून आणला असता. ही पार्टी फसली तर सोमवारी शाळेत तिचं काय होईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

पहिली अडचण म्हणजे जिलेटिन. ते जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात. त्यामुळे आठपैकी सात जणींना ते चालणार नव्हतं आणि उरलेल्या एकीची आई फोन करून विचारणार होती. म्हणून अगर-अगर आणलं, म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास. समुद्रातलं शेवाळ, शंभर टक्के शाकाहारी. नारळाच्या दुधात ते उकळून मी मोदकाच्या साच्यात ओतलं. साचा उघडला आणि अहो आश्चर्यम्, कळीदार पांढरं भूत. वर चॉकलेटचे दोन ठिपके डोळ्यांसाठी. गणपतीबाप्पाने मोठ्या मनाने घेतलं असेल अशी आशा आहे. एकूण एकवीस भुतं झाली. आकडा सवयीने आला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, म्हणून मला शहाणपण सुचलं. हाताला लाल रंग हवा. बाजारातला रंग वीस रुपयांना मिळतो, पण माझ्या घरात आईने पाठवलेली आगळाची बाटली होती. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, रंगाने थेट रक्त. रत्नागिरीच्या माणसाची अशी ठाम समजूत असते की जगातल्या प्रत्येक अडचणीवर कोकम हा उपाय आहे. पित्तावर कोकम, अंगावर गांधी उठल्या तर कोकम, मग भुतांनी काय घोडं मारलंय? मी आगळात साखर आणि चायना ग्रास घालून ते चांगलं दणदणीत उकळलं. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून डॉक्टरांचे हातमोजे आणले होते, तेवढं करून तो सोफ्यावर दमून बसला. एक मोजा धुऊन त्यात ते ओतलं, मनगटाशी गाठ मारली आणि फ्रीजमध्ये आडवा ठेवला.

सकाळी दाबून पाहिला तर डुगडुगत होता. जेली डुगडुगतेच, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

चार वाजता आठही जणी आल्या. भुतं बघून हसल्या, फोटो काढले. मग मुलीने ऐटीत जाहीर केलं, "अब हाथ निकलेगा. मम्मी ने खुद बनाया है." एरवी मी आई असते, पाहुण्यांसमोर मम्मी होते. मी परात मध्ये ठेवली, त्यात मोजा ठेवला आणि शल्यविशारदाच्या थाटात कात्री चालवली.

हात निघाला नाही. भळाभळा लाल पाणी निघालं. परात भरली, टेबलक्लॉथ भिजला, फरशीवर ओघळ आला आणि माझ्या हातात रिकामं रबर लोंबत राहिलं. आठ मुली परातीकडे बघत राहिल्या. मला कानकोंडं झालं, डोळे भरून आले, आणि "सॉरी बेटा" म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या लेकीने डाव उचलून परातीत बुडवला. "देख क्या रहे हो? अभी-अभी मरा है, ताज़ा है," ती म्हणाली. "जल्दी पियो, नहीं तो जम जाएगा."

एवढी एकच गोष्ट ते करणार नव्हतं. पण पहिलीने ग्लास पुढे केला, प्यायली, तोंड वाकडं केलं आणि आणखी मागितलं. गोड, आंबट, खारट. आमच्याकडे याला सरबत म्हणतात. दहा मिनिटांत परात कोरडी झाली. ऊन उतरायच्या आत सगळ्या लाल ओठांनी घरी गेल्या, आणि जाताना एकीने माझ्या मुलीला पुढच्या शनिवारी आपल्याकडे बोलावलं.

चायना ग्रासच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आंबट पदार्थात उकळू नये. ते मी नंतर वाचलं.

संध्याकाळी आम्ही दोघी फरशी पुसत होतो. आगळाचा डाग सहजी जात नाही. मी म्हटलं, "बाई गं, तू होतीस म्हणून निभावलं."

"तू रडणार होतीस ना? मला दिसलं," ती म्हणाली. "तू रडली असतीस तर सब खतम. म्हणून मी पटकन बोलले."

मला कौतुक वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. तिला सांभाळायला म्हणून मी हा सगळा घाट घातला आणि भर पार्टीत तिनेच मला सांभाळून घेतलं. अशी हसून वेळ मारून न्यायला मला चाळिशी आली तरी जमत नाही. मी विचारलं, "हे तू शिकलीस कुठे?"

तिने फडकं बादलीत पिळलं. "हर नए स्कूल में करना पड़ता है, आई," ती म्हणाली, आणि टेबलाखालचं पुसायला वाकली.