उपटून पाहणारा सोमाजी

सोमाजी खोब्रागडेचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर होता, आणि चष्मा लागल्यापासून तोही जरा कमीच. वाण्याकडची साखर तो घरी पुन्हा तोलायचा. धानाची रोवणी झाली की बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरून मुळं धरली का ते बघायला दोन-चार रोपं उपटायचा. ती अर्थातच मरायची. मग बायांनी नीट रोवलं नाही म्हणून हाच बोंबलायचा. सावली तालुक्यातल्या त्याच्या गावात त्याला ‘उपट्या’ म्हणत. तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही.

कार्तिकात उभ्या धानात शिरलेल्या रानडुकराने त्याचा उजवा हात कोपराखाली फाडला. नागपूरला तुटलेली नस शिवली. रक्ताची नव्हे, मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेणारी. जखम भरली, पण अंगठा आणि दोन बोटं लाकडासारखीच राहिली.

शिवल्यावर लगेच त्याला मोठ्या मशीनमध्ये निजवलं होतं. तेव्हा पडद्यावर नसेचे रंगीत तंतू पंजापर्यंत दिसत होते. दोन महिन्यांनी पुन्हा निजवलं, तर जखमेपुढचे तंतू गायब! सोमाजीच्या डोक्यात किडा शिरला.

“पयले होते, आता नाई. मंधात हाताजवळ कोन आलं? हेच मशीन!”

मशीन चालवणारी कहकशाँ बल्लारपूरची, त्याचीच बोली बोलणारी. “भाऊ, मशीन अंगातलं पानी पाह्यते. तंतू धड असला का पानी त्याच्या लांबीनं सरकते, पाटातल्यावानी. तंतू मोडला का चहूकडे पसरते. तुटलेल्या नसेचा समोरचा भाग आधी मरतेच. मंग शिवल्या जागेपासून नवा फुटते.”

“पाह्यते का पिते?” सोमाजीने विचारलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आषाढात पुन्हा या. तंतू पुढे सरकले नसतील तर हात पुन्हा चिरावा लागेल, आणि उशीर झाला तर स्नायू वाळून हात कायमचा जाईल.

आषाढ आला. सोमाजी हटून बसला. “उरलेसुरले बी खाऊन टाकते थे मशीन. मी नाई जात.”

रुखमा, त्याची बायको, गुडघाभर चिखलात रोवत होती. हा धुऱ्याच्या बांधावरून उतरला आणि डाव्या हाताने कालचं एक रोप सवयीप्रमाणे उपटलं. रुखमाने हातातली रोपांची पेंडी चिखलात आपटली.

“जिंदगीभर उपटून पाह्यलं तुमी! एक तरी जगलं काय? थे मशीन न उपटता मूळ पाह्यते, तं त्याच्यावरच शक! मले तुमचा हात पायजे. कुठी जाऊन मागू मी हात?”

ती रडायला लागली. भर रोवणीत, सगळ्या बायांसमोर. रुखमाला रडताना त्याने क्वचितच पाहिलं होतं, आणि तो घाबरला. हातातलं रोप त्याने पुन्हा चिखलात खोचलं. दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरच्या गाडीत बसली.

या वेळी तंतू मनगटाजवळ पोचलेले दिसले. पुन्हा चिरायची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. आता बोटांत जाण यायची वाट बघायची. रुखमाचा जीव भांड्यात पडला. सोमाजी मात्र परतीच्या वाटेवर कुरकुरत होता, “रंग काय, कोनी बी भरते.”

तेव्हापासून रोज सकाळी तो डोळे मिटून हात पुढे करायचा आणि रुखमा बोटाला सुई टोचायची. “टोचली?” तो विचारायचा. ती टोचली म्हणायची. मग हा डोळे उघडून बोटावर खूण शोधायचा. बायको खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी शोधायचाच.

धान निसवून लोंब्या आल्या त्या सुमारास एका सकाळी सोमाजी एकदम ओरडला.

“काऊन वो, सुईले काई लावलं काय?”

त्याने सुई हिसकावली, उजेडात धरली, हुंगली, रुखमाच्या लुगड्याला पुसून घेतली आणि स्वतःच बोटात खुपसली. एकदा. पुन्हा एकदा. रक्ताचा थेंब आला.

“दुखून राह्यलं,” तो म्हणाला. आवाज तक्रारीचाच होता, पण डोळे भरून आले होते.

रुखमाने सुई काढून घेतली आणि पदराला खोचली. “बस करा. धरलं मूळ.”

“पक्कं?” सोमाजीने विचारलं, आणि पुन्हा डोळे मिटून हात पुढे केला.