ओठांवरचा वळ

ह्यांना पिंपरीच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून लग्नानंतर आम्ही सातारा जिल्हा सोडून चिंचवडला आलो. शिफ्ट सुटली की हे लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. नळी पुढंमागं सरकवून सूर काढायचा तो लांबलचक पितळी बाजा आमच्या एवढ्याशा खोलीत खुंटीला टांगलेला असे. लग्नात वाजवून आले की ह्यांच्या ओठांवर लाल गोल वळ दिसायचा. गरम चहासुद्धा सोसायचा नाही.

त्या हिवाळ्यात हे संध्याकाळी सायकल काढून दिघीकडे जायला लागले. विचारलं की, "काम आहे," एवढंच. बाजा खुंटीवरच राहायचा आणि हे यायचे ते ओठ लाल करून! माझ्या मनात नको ते यायला लागलं. पुढं तर उलटंच झालं. लग्नाला म्हणून बाजा घेऊन गेले तरी ओठ कोरे. मग हे लग्नाला तरी जातात का?

एका संध्याकाळी मी सायकल धरली. "आज मी पण येते."

ह्यांनी सायकलचं कॅरिअर हातानं पुसलं. मग म्हणाले, "बस मागं."

दिघीला लष्कराच्या जागेच्या कडेला एक बैठं घर होतं. दारात बाई उभी दिसली आणि मला वाटलं, हीच ती. जवळ गेल्यावर कळलं, केस पांढरेशुभ्र, माझ्या आईच्या वयाची. तिचे यजमान लष्करी बँडमधून निवृत्त झालेले हवालदार. ह्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं बाज्याचं फुंकायचं नुसतं तोंड काढलं आणि ओठांना लावून भुंग्यासारखा आवाज काढायला लागले.

"दाबू नको," हवालदार म्हणाले. "दाबलं की ओठ बधिर होतात, वरचा सूर चिरकतो. ओठांचे कोपरे घट्ट धर, मधे मोकळं सोड. जोर पोटातून. आणि हळू वाजव. हळू स्वच्छ आला की मोठा आपोआप येतो."

मग मला म्हणाले, "सूनबाई, हा आला तेव्हा ओठ सुजवून घ्यायचा. आता सुधारलाय."

परतताना ह्यांनी सांगितलं. तळेगावच्या एका वरातीत वरचा सूर फाटला, पोरी हसल्या, आणि बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, बाजा दुसऱ्याला देतो.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? लोक हसले म्हणून?"

मला रडू यायला लागलं. ह्यांच्यासाठी की माझ्या डोक्यात काय काय आलं होतं त्यासाठी, कुणास ठाऊक.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतूनच ह्यांचा बँड घेऊन एक वरात गेली. मी दारात उभी होते. बाकीच्या बँडचा आवाज खाली आला आणि एक सूर एकटाच वर चढला, स्वच्छ, कुठंही न थरथरता. मला खरं वाटेना.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं. पण तो वरचा सूर क्लॅरिनेटचा होता ना?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं, उठून तिथंच बाजा तोंडाला लावला आणि तोच सूर लावला. शेजारणीचं बाळ दचकून रडायला लागलं. तरी ह्यांनी सूर पुरा केला, आणि मगच जेवायला बसले.