बरी प्रत

आमच्या ताईच्या दुकानावर चांगली भारदस्त नावाची पाटी आहे, पण त्या नावानं विचारलंत तर गल्लीत कुणी पत्ता सांगायचं नाही. 'पोपटाचं दुकान' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. पोपट म्हणजे आमचे बाबा. नाक असं बाकदार, की माणूस आधी नाकाला नमस्कार करायचा आणि मग बाबांना. रबरी शिक्के करून द्यायचा त्यांचा धंदा. शाळा, वकील, कचेऱ्या, सगळ्यांचे शिक्के आमच्याकडचे. पोपट म्हटलं म्हणून बाबा कधी चिडले नाहीत. "नाव कुणीही ठेवतं, लक्षात राहिलं पाहिजे," म्हणायचे.

जाताना त्यांनी दुकान ताईला दिलं आणि नाक आम्हा दोघींना. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मी बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसते, जाळीमागचं नाक कोण बघतंय? लोकांचं लक्ष सुट्ट्या पैशांकडे. ताई मात्र शाळेपासून 'पोपटीण' ऐकत आलेली. दुकानात फोन आला आणि कुणी "पोपटाचं दुकान का?" म्हणालं, की ती "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. एकटी राहते, एकटी कमावते, खमकी बाई. तिनं नाकावर कधी माशी बसू दिली नाही, आणि माशीला बसायला जागा तर भरपूर होती.

शेहेचाळिसाव्या वर्षी एक दिवस मला म्हणाली, "नाकाचं ऑपरेशन करून घेतेय. तारीख ठरली."

"ताई, माझंही तेच नाक आहे. मग मी काय उद्यापासून तोंड लपवून फिरू?"

"तुला ते शोभतं. मला माझं नकोय."

खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला. बाबांनी दिलेली वस्तू हिनं भंगारात काढली असं वाटलं. आठवडाभर मी बोलले नाही. पण शुद्धीवर येताना उशाशी कोण बसणार? गपगुमान तीन आठवड्यांची रजा टाकली आणि बॅग घेऊन तिच्या घरी जाऊन राहिले.

ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी नाकावरची पट्टी काढली. तिथल्या नर्सबाई मुरलेल्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात दुखतं, दुसऱ्या आठवड्यात रडू येतं. दुखण्याच्या गोळ्या दिल्यात, रडण्याच्या नाहीत. सूज उतरायला महिने लागतात, पुरतं नाक दिसायला वर्ष. तोवर आरसा दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा नाही."

ताईनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि रिक्षात बसल्या बसल्या माझ्या पर्समधला आरसा काढला.

"वाकडं झालंय."

"सुजलंय."

"सूज कळते मला. हे वाकडंय. डावीकडे."

झालं! त्या दिवसापासून माझ्या नाकी नऊ आले. घरातले आरसे मी टॉवेलनं झाकले, तर ही चमच्यात बघायला लागली. आता चमच्यात कुणाचंही नाक कांद्याएवढं दिसतं! मग किटली, मग बंद टीव्ही, मग लिफ्टचं दार. शिक्के मोजायची बारीक पट्टी घेऊन नाकाची दोन्ही अंगं मोजायची आणि आकडे मला सांगायची. सकाळी उठली की छाती धडधडायची, तळहाताला घाम, घास गिळवायचा नाही. एकदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. धक्का लागू नये म्हणून मान तिरकी धरून रडली, एवढी शुद्ध तिला होती.

"मी काय करून बसले गं, छोटे? तुझ्याकडे बघितलं की बाबा दिसतात. आरशात बघितलं की कुणीच दिसत नाही."

माझा राग तिथंच उतरला. तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. 

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अशी खूप जणं बघितलीत, यातून माणूस बाहेर येतो. श्वास तोंडानं घ्यायचा, घेताना चार मोजायचे, सोडताना आठ. आणि काळजी करायची वेळ ठरवून टाका. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, वहीत लिहून काढायचं. एरवी काळजी आली तर तिला सांगा, पाचला ये.

हे मला लगेच पटलं. आयुष्यभर तेच तर करतेय. मी ताईला माझ्या भाषेत सांगितलं, "खिडकी पाचला उघडेल. तोवर रांगेत उभं राहायचं, पुढं घुसायचं नाही." सकाळी सकाळी तिचा चेहरा उतरला की मी नुसतं "रांग!" म्हणून ओरडायचे. ती चिडायची, पण मोजायची. चार, आठ. चार, आठ. दहाएक दिवसांत जेवण जायला लागलं, धडधड कमी झाली. पाच वाजले की वही घेऊन बसायची आणि सव्वापाचला मी ती काढून घ्यायचे. माझी रजा संपली, तरी ड्यूटी सुटली की मी तिच्याकडेच.

पाचव्या आठवड्यात तिनं दुकान उघडलं. नाकावर चष्मा टेकवायला बंदी होती, म्हणून चष्म्याची मधली दांडी चिकटपट्टीनं कपाळाला अडकवायची. ध्यान दिसायचं, पण मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की आरसा हे तिच्या धंद्याचं हत्यार आहे. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात. यंत्रातून रबर कोरून आलं, की ते टेबलावरच्या आरशासमोर धरून वाचायचं, ही बाबांची पद्धत. म्हणजे घरात मी टॉवेल घालत फिरत होते आणि दुकानात बाईसाहेबांच्या तोंडासमोर दिवसभर आरसा!

त्यातच तिनं जाहिरातीतला एक डॉक्टर गाठला. तो म्हणे महिन्याच्या आत पुन्हा सरळ करून देतो. शुक्रवारी सकाळी अकराची वेळ घेऊन बसली. नर्सबाईंना कळलं तेव्हा त्या फोनवर कडाडल्या, "आतली जखम भरलेली नाही. आता सुरी लावली तर नाकाचं वाटोळं होईल, सांगून ठेवते." मी रागावले, विनवलं, रुसून बसले. पालथ्या घड्यावर पाणी. "नाक माझंय," एवढंच.

गुरुवारी मी मुद्दाम सुट्टी घेतली आणि दुकानात तिच्या शेजारी ठाण मांडून बसले. शेवटचा प्रयत्न करायचा होता. दुपारी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. बाबांच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाईक. हातात दाखल्यांचा गठ्ठा. आल्या तशा त्यांनी सगळ्यात वरचा कागद ताईपुढं सरकवला.

"वाचा."

खाली जांभळ्या शाईत ठसठशीत छाप होता. 'खरी प्रत' असायला हवं होतं तिथं 'बरी प्रत'.

"चाळीस दाखल्यांवर मारून झाल्यावर दिसलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं बरी आहेत हे मलाही माहितेय हो. पण शिक्का मारून कशाला सांगायचं?"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. बावीस वर्षांत तिच्या हातून काना-मात्रा सुटली नव्हती. तिनं शिक्का हिसकावून आरशासमोर धरला. बरी प्रत. पुन्हा धरला. बरी प्रत.

"मी तपासला होता," ती म्हणाली. "इथंच बसून. याच आरशात."

"आरशात काय बघत होतीस?" मी विचारलं.

तिनं शिक्का खाली ठेवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाक."

"नाक?" मोठ्या बाई पुढं वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी ताईला नीट न्याहाळलं. "का, काय झालंय नाकाला? सर्दी का?"

पाच आठवडे! पाच आठवडे चमच्यात, किटलीत, लिफ्टच्या दारात वाकडं दिसणारं नाक, आणि वीस वर्षं समोर उभी राहणारी बाई विचारतेय, सर्दी का!

मला राहवलं नाही. माझ्या चोचीवर बोट ठेवून म्हटलं, "बाई, नीट बघा. बाबांची खरी प्रत मी. आणि ही बरी प्रत."

आधी ताईचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. जोरात हसायची अजून भीती, म्हणून दोन्ही हातांनी नाक धरून हसत होती, कपाळावरचा चष्मा लोंबकळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मोठ्या बाईंना काही कळलं नाही, तरी त्याही हसायला लागल्या.

मग ताईनं डोळे पुसले. "बसा बाई. तासाभरात देते. आणि ते चाळीस दाखले इथंच ठेवा, प्रत्येकावर दुरुस्तीचा छाप मी स्वतः मारून देणार." स्वतःचाच संताप आला होता तिला, आणि तो राग बघून माझा जीव भांड्यात पडला. ही माझी ताई होती. तिनं अक्षरं नव्यानं लावली, यंत्र लावलं, रबर आलं तसं आरशासमोर धरलं आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. ख. री. मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. ते एकदाही रबरावरून हलले नाहीत. पाच वाजून गेले तरी तिनं वही मागितली नाही आणि मीही आठवण केली नाही.

शिक्क्याच्या लाकडी मुठीला गोंद लावत असताना फोन वाजला. हात भरलेले, म्हणून तिनं मला स्पीकर लावायची खूण केली. आणि मान वर न करता म्हणाली,

"पोपटाचं दुकान, बोला."

पलीकडची मुलगी गडबडली. "अं... सॉरी हं. दवाखान्यातून बोलतेय. उद्या अकराची नाकाची वेळ होती, ती पक्की करायची होती. राँग नंबर लागला वाटतं."

"नंबर बरोबर आहे," ताई म्हणाली आणि रबर मुठीवर घट्ट दाबून धरलं. "वेळ दुसऱ्या कुणाला द्या. मी बरी आहे."