रोबोटचे नवे पाय

माझा लेक गेला त्याला तीन महिने झाले, आणि काल त्याच्या नावाचं पार्सल आलं. आत प्लास्टिकचे दोन इवलेसे पाय आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर. गाडी उलगडली की रोबोट होतो ना, तसली खेळणी जमवायचा तो, चाळिशीतसुद्धा. मूळ पायांवर ती डगमगतात, म्हणून दुसरंच कुणी मजबूत पाय बनवून विकतं म्हणे. मी कपाटातले सगळे रोबोट काढले, एकेकाला लावून पाहिले. कुणालाच बसेनात. शेवटी त्याच्या मित्राला, निखिलला, बोलावलं.

"काकू, हे ज्याचे पाय आहेत तो रोबोट त्याला अजून घ्यायचाच होता," तो मान खाली घालून म्हणाला.

बघा, आधी पाय मागवून ठेवले! पण त्याला काय नावं ठेवू? हा पोटात होता तेव्हा मीही मोजे विणलेच होते. सासूबाई ओरडायच्या, "अगं, आधी त्याला येऊ तर दे!" उद्या उजाडणारच, असं धरूनच तर आपण सगळे जगतो.

"परत पाठवू का, काकू?" निखिलनं विचारलं.

"नको रे," मी म्हटलं, "तो रोबोट कसा दिसतो, तेवढं दाखव मला."