डॉक्टरांचा ठिपका

मंचरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणी नवा आला आणि राइड मोजायला कुठलं अ‍ॅप घ्यावं असं त्यानं विचारलं, की त्याला माझा नंबर देतात. मी सायकल चालवत नाही. शाळेत शिकत होते तेव्हा चालवली तेवढीच, तीही भावाची, नळीखालून पाय घालून. पण अ‍ॅपबद्दल विचाराल तर तासभर बोलेन. कुठलं बॅटरी खातं, कुठलं डोंगरात रेंज गेली की मुकं होतं, कुठलं आधी फुकट म्हणतं आणि मग हळूच पैशांचं काढतं, सगळं पाठ आहे. नव्या माणसाला मी एकच उलटा प्रश्न विचारते. तुम्ही किती फिरलात ते तुम्हाला बघायचंय, की तुम्ही कुठे आहात ते घरच्यांना कळायला हवंय? बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, किती फिरलो तेच. मग मी त्यांना नारिंगी अ‍ॅप सांगते आणि फोन ठेवते.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मी ती रंगानंच ओळखते. नारिंगी, निळं आणि हिरवं. मध्ये आणखीही येऊन गेली, पण ती उल्लेख करण्याच्या लायकीची नव्हती.

माझे यजमान जनावरांचे डॉक्टर. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणतो, म्हणून मीही डॉक्टरच म्हणते. नोकरीभर मोटरसायकलवर फिरले. आंबेगावात आणि जुन्नरच्या अर्ध्या भागात अशी वस्ती नसेल जिथल्या गोठ्यात त्यांनी बाही वर करून हात घातला नाही. कुठल्या पाणंदीतून गेलं की कुणाच्या विहिरीपाशी निघतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. निवृत्त झाले आणि महिनाभर घरात बसून माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले, तेव्हा मीच म्हटलं, काहीतरी करा. मग गिअरची सायकल आली, हेल्मेट आलं, आणि ज्या घट्ट चड्डीला मी आठवडाभर हसले ती चड्डी आली.

ग्रुपमध्ये सगळ्यांकडे नारिंगी अ‍ॅप होतं. राइड संपली की त्यात नकाशावर रेघ येते, किलोमीटर येतात, सरासरी वेग येतो, आणि बाकीचे अंगठे देतात. या अंगठ्यांसाठी चांगली नातवंडं असलेली माणसं पहाटे उठून भीमाशंकरचा चढ चढत. आणि परत आल्यावर भांडत. एकाच रस्त्यानं गेलेल्या चौघांच्या फोनवर चार वेगळे आकडे. ग्रुपमधले एक आडते होते, बाजार समितीत कांद्याचा गाळा असलेले. ते आमच्या ओट्यावर बसून म्हणायचे, "डॉक्टर, माझ्यात चाळीस भरतंय आन् तुमच्यात अडतीस. काटा तुमचा खराब हाय, राव." डॉक्टर म्हणायचे, तुमच्या धंद्यात कुणाचा काटा खराब असतो ते तालुक्याला माहीत आहे. आडते मनापासून हसायचे. त्या दिवसांत आमचा ओटा भरलेला असायचा आणि मला चहाचा कंटाळा यायचा. आता वाटतं, कशाचा कंटाळा करत होते मी.

शेवटी असं ठरलं की एकाच फोनवर दोन अ‍ॅप एकदम चालवून बघायची, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. पंच म्हणून डॉक्टरांना नेमलं. त्यांनी निळं अ‍ॅप घेतलं आणि रविवारी लोणीकडे एकटेच गेले. किलोमीटर दोन्हींत जवळपास सारखे आले. पण नारिंगीत राइड दोन तासांची होती आणि निळ्यात साडेतीन तासांची. "हे निळं बोगस आहे," डॉक्टर म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवलंय. दोन उत्तरं वेगळी आली की मला राहवत नाही. मी निळ्याचा नकाशा मोठा करून पाहिला. लोणीच्या अलीकडे एका फाट्यावर रेघेचा गुंता झाला होता, शिवणाच्या डब्यात दोऱ्याचा होतो तसा. तसलाच गुंता परत येताना त्याच जागी होता. आडत्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, माणूस एका जागी उभा ऱ्हायला की यंत्राला नीट समजत न्हाई, ते इकडंतिकडं गिरवत बसतं. आन् आपलं जे हाय ना, ते सायकल थांबली की टाइम बी थांबवतं. म्हंजी चहा प्यालं तरी ॲव्हरेज खाली येत न्हाई." त्यांच्या दृष्टीनं हा नारिंगीचा मोठा गुण होता.

डॉक्टरांना विचारलं, लोणीच्या फाट्यावर चहाला थांबला होतात का? हो म्हणाले. पण तिथे चहाची टपरी नाही, हे मला माहीत होतं. माझी मावशी त्याच बाजूला दिली होती.

पुढच्या दोन-तीन राइडना मी नुसती निळ्यात बघत राहिले. प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या फाट्यावर गुंता. नारिंगीत डॉक्टर ठणठणीत होते, सरासरी उत्तम, अंगठ्यांचा पाऊस. मग एके दिवशी त्यांना बँकेत बसवून मी एसटीनं लोणीच्या फाट्यावर उतरले. रस्त्याच्या कडेला एक बाई शेळ्या घेऊन बसली होती. मी डॉक्टरांचं वर्णन करायला लागले, तर ती म्हणाली, "डॉक्टर व्हय? येत्यात की. लई येळ उभे ऱ्हात्यात हितं. एकदा या रस्त्याकडं बघत्यात, एकदा त्या."

"मग कुणी विचारत नाही का, कुठे जायचंय म्हणून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांना काय इचारायचं बाई? आमाला रस्ते म्हाईत नव्हते तवापासून ते हितं येत्यात. आमची गाय आडली तवा रातीचं वड्यातनं आले व्हते. त्यांना रस्ता सांगायचा म्हंजी शोभतंय का?"

मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. येणारे-जाणारे सगळे त्यांना ओळखत होते, नमस्कार करत होते, आणि मान राखून पुढे जात होते. आणि हे तासभर दोन रस्त्यांच्या मध्ये उभे. विचारलं असतं तर कुणीही घरापर्यंत सोडायला आलं असतं. पण डॉक्टर विचारणाऱ्यातले नव्हते आणि लोक सांगणाऱ्यातले नव्हते.

पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, तो वाढत जाईल, गोळ्यांनी फार तर जरा सावकाश वाढेल, असं त्यांनी सांगितलं. व्यायाम चांगला, सायकल चालेल, पण एकट्यानं नको. परत येताना गाडीत डॉक्टर राजगुरुनगरपर्यंत गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "मागं माणूस लावून फिरायची वेळ आणू नकोस. ते करायचं असेल तर सायकल विकून टाक." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सायकल विकली असती तर ते घरात बसून संपले असते, हे मला दिसत होतं. गोठे गेले होते, मोटरसायकल गेली होती. एकटं बाहेर पडून एकटं घरी येणं, एवढंच त्यांच्याकडे राहिलं होतं. ते जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकवायचं, एवढीच माझी इच्छा होती. बरे होतील अशी आशा मी त्या दिवसानंतर कधी केली नाही. करून पाहिली असती, पण गणिताच्या बाईला जमलं नाही.

मग मी अ‍ॅपांच्या मागे लागले. दोन फोन घेऊन बसायचे, एक त्यांचा, एक माझा. नारिंगीत माणूस कुठे आहे ते घरी नकाशावर ठिपक्यानं दिसतं, पण रेंज असेल तरच. घोडेगावच्या पुढे डिंभ्याकडे गेलं की ठिपका जागीच गोठतो, आणि तो गोठलाय की माणूस थांबलाय हे कळत नाही. म्हणून पश्चिमेचा डोंगर बंद केला. निळ्यात रस्ता आधी आखून देता येतो आणि माणूस रस्ता सोडून गेला की ते ओरडतं. ओरडलं की डॉक्टर फोन खिशात खोल घालायचे. आणखी एक होतं, त्यातली बाई बोलून रस्ता सांगायची. डॉक्टरांनी ते दोन दिवस चालवलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही मला अवसरीचा रस्ता शिकवते." मी ते काढून टाकलं. त्यांचं बरोबर होतं, अवसरी शेजारचंच गाव, आणि तरी परवाच ते अवसरीहून फिरून फिरून आले होते.

एकदा नारायणगावच्या पुढे ठिपका नाहीसा झाला. दिवस कलायला लागला होता. त्या बाजूला ऊस उभा, बिबट्या दिवसाही दिसतो, आणि हायवेवरचे ट्रक वेगळेच. आडत्यांनी गाडी काढली. आम्ही वाटेत होतो तेव्हा ठिपका उगवला, आळेफाट्यावर. फोनची बॅटरी संपली होती आणि एका हॉटेलवाल्यानं तो चार्जिंगला लावला होता. आम्ही पोचलो तर डॉक्टर खुर्चीत बसून त्याला म्हशीच्या गाभण राहण्याबद्दल सविस्तर सांगत होते. हॉटेलवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाशिकच्या गाडीकडं सायकल घिऊन निगाले व्हते. म्हनलं, बसा डॉक्टर, जरा आमच्या म्हशीचं सांगा." त्याला काय कळलं होतं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. एवढं शहाणपण कुठल्या अ‍ॅपात नव्हतं.

त्यानंतर मी रस्ते एकेक करून बंद केले. हायवे बंद. लोणी बंद. अवसरी फाट्यापर्यंत जायचं आणि यायचं. मग तेही नको, आमच्या गल्लीतून मैदानाला वळसा घालून परत. डॉक्टर भांडले नाहीत, याचंच मला भय वाटलं. नारिंगीवर अजून राइड चढत होती. दोन किलोमीटरची राइड, आणि खाली ग्रुपचे अंगठे. "लई भारी, डॉक्टर." मी चिडून आडत्यांना फोन केला की ही थट्टा बंद करा. गाळ्यातल्या गलक्यातून ते बाहेर आले. मग म्हणाले, "वहिनी, थट्टा न्हाई वो. दुसरं काय द्यावं ते समजंना." मी माफी मागायला हवी होती. मी नुसतं बरं म्हटलं. पण ओट्यावर आता कुणी येत नव्हतं, हेही खरंच होतं.

सगळ्यात शेवटी हिरवं घेतलं, आणि ते खरंच चांगलं निघालं. ठिपका घराच्या उंबऱ्याइतका अचूक. बॅटरी कमी खातं. घराभोवती वर्तुळ आखून ठेवायचं, माणूस त्या वर्तुळात आला की आपला फोन वाजतो. वेग नाही, अंगठे नाहीत, नुसतं माणूस आला एवढंच सांगतं. मला हवं होतं ते हेच. इतक्या उशिरा मिळालं तरी मिळालं, असं वाटून मी त्या रात्री बऱ्यापैकी झोपले.

गेल्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळी डॉक्टर मैदानाच्या फेरीला गेले होते. फोन वाजला, आले. मी चहा टाकला. चहा उकळला, गाळून झाला, त्यावर साय धरली, तरी फाटकाचा आवाज नाही. मी फोन पाहिला. ठिपका बरोबर आमच्या घरावर होता. मी फोन घेऊनच बाहेर आले.

डॉक्टर फाटकाबाहेर उभे होते. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. फाटक उघडंच होतं. त्यांनी घराकडे पाहिलं, मग पुढे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा घराकडे. मला पाहून ते हसले. जनावराच्या मालकाशी पहिल्यांदा बोलताना हसायचे तसं.

"मंचरला जायचंय," ते म्हणाले. "अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे."

तुम्ही मंचरातच आहात, हे तुमचं घर, मी तुमची बायको, हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण ते दमलेले होते आणि त्यांचे हात गारठले होते. मी म्हटलं, "मीही तिकडंच निघालेय. चला, बरोबर जाऊ." आणि सायकलचं हँडल धरलं. सोबत मिळाल्याचं त्यांना बरं वाटलं असावं. ते उतरले आणि माझ्याबरोबर अंगणात आले.

पायरीपाशी मात्र थांबले. बूट काढायला वाकले नाहीत.

"नको बाई, इथं थांबायला नको," ते अदबीनं म्हणाले. "मला उशीर झाला की घरी ती मोबाईल घेऊन बसते."

मोबाईल माझ्या हातातच होता.